ताडपत्रीखालची वेबसाइट

"ठेव! ठेव तो फोन! अगं गाडी खंडाळ्याच्या घाटात हाय आन् तू मदीच फोन उचलतीस? समदा माल दरीत जाईल की!"

मालक ओरडत होते तळमजल्यावरच्या ऑफिसातून, वरच्या मजल्यावरच्या काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. पण मालकांचा आवाजच असा, की त्या घडीला अंबाजोगाईच्या अख्ख्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, ज्याच्या ज्याच्या कानाला फोन होता त्यानं तो दचकून खाली ठेवला असणार. समोरच्या कापडवाल्याच्या हातून मीटरपट्टी पडली. रस्त्यातल्या एका म्हशीनं विचार बदलला आणि ती आल्या वाटेनं परत गेली.

काकू जिना उतरून आल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत ज्वारीच्या पिठात.

"कुणी उचललाय फोन? भाकरी थापतीय मी. ह्या हातानं फोन धरू का उलथन्यानं धरू?"

मालकांनी काकूंच्या हातांकडं पाहिलं. मग टेबलाकडं पाहिलं. टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरच्या डब्यावर ट्रकची ताडपत्री पांघरलेली, दोरीनं आवळलेली. ताडपत्रीच्या फटीतून मोडेमचा एकच हिरवा दिवा दिसत होता, तोही आमच्या डोळ्यांदेखत विझला. मी रिसीव्हर कानाला लावला. आत मसणवटीची शांतता.

सीताफळाच्या रिकाम्या पेटीवर बसलेल्या अक्कांनी एवढंच विचारलं, "मालक, पोचली का माझी साइट?"

आता हे मालक कोण, अक्का कोण, आणि ऑफिसात बसल्याबसल्या कुणाची गाडी खंडाळ्याच्या घाटातून कशी पडणार होती, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

मालक मूळचे ट्रकवाले. मोंढ्यात त्यांचं मालवाहतुकीचं बुकिंग ऑफिस होतं. त्या ऑफिसातून काय नाही गेलं: तूर, सरकी, गूळ, लग्नाचं रुखवत, एकदा तर म्हणे एक जिवंत हत्ती, फक्त तो मोठा होता की लहान यावर मालकांचं स्वतःशीच एकमत होत नसे. मग खुल्या बाजाराचं वारं सुटलं. पानटपरीवर थंड पेयांचा फ्रीज आला, किराणा दुकानात एसटीडी बूथ आला, सुतारानं केबलची डिश लावली. ज्याला त्याला वाटू लागलं, आपण आपला धंदा सोडून दुसराच कुठला तरी करावा. मालकांनी ट्रक विकले, एक कॉम्प्युटर घेतला, आणि जुन्या पाटीवर 'मालवाहतूक' या शब्दाखाली पेंटरकडून लिहून घेतलं: 'वेबसाइट बनवून व पोचवून मिळेल.' पाटी पुसली का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "कावून पुसायची? धंदा त्योच हाय. चाकं काढलीत फकस्त."

बनवायला त्यांनी मला ठेवलं. मी बीएस्सी होतो, आणि पहिल्या दिवसापासून माझं नावही तेच झालं. बारशाला ठेवलेलं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पोचवायचं काम मात्र त्यांनी स्वतःकडं ठेवलं. तिथं ते कुणाला हात लावू देत नसत.

ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर तयार करायची आणि मग तिच्या फायली अमेरिकेतल्या एका भाड्याच्या कॉम्प्युटरवर पाठवायच्या, म्हणजे जगाला दिसते. पाठवायला एक सॉफ्टवेअर असतं. त्याला दोन खिडक्या. डावीकडं आपल्या फायली, उजवीकडं तिकडच्या. डावीकडची फाइल ओढून उजवीकडं सोडली की ती फोनच्या तारेतून निघाली; मधेच कुणी घरातला फोन उचलला की तुटली. एवढंच. हे सॉफ्टवेअर जगात कोट्यवधी लोकांनी वापरलं असेल, पण त्यातून गाडी भरली ती फक्त आमच्या मालकांनी.

डावीकडच्या खिडकीला ते गोदाम म्हणत. उजवीकडचीला पार्टी, म्हणजे माल उतरवून घेणारा. भरायच्या आधी मोडेमला हळदकुंकू, मग कॉम्प्युटरवर ताडपत्री. उन्हाळा असो, हिवाळा असो, ताडपत्री पाहिजेच. "मालक, फायली भिजत नाहीत," असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "तू अमेरिकेचं हवामान बघून आलास का, बे?" मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

भरण्यातही शास्त्र. जड माल तळाला, हलका वर. म्हणून आधी फोटो जायचे, कारण ते जड. मजकुराची पानं शेवटी, कारण ती हलकी. मी पानं आधी पाठवायचं सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी अंड्यांच्या ट्रेवर सिमेंट रचायला सांगितलं.

आणि गाडी निघाली, की स्क्रीनवर किती माल गेला ते दाखवणारी निळी पट्टी सरकू लागायची. मालकांनी टक्के कधी वाचले नाहीत. पट्टी जराशी सरकली की म्हणायचे, "केज गेलं." मग मांजरसुंबा. मग आष्टी. पट्टी निम्म्यावर आली म्हणजे नगर. नगरला ड्रायव्हर चहा पितो, म्हणून मालकही चहा प्यायचे आणि मलाही पाजायचे, कारण मी क्लीनर. मग पुणे, मग खंडाळ्याचा घाट, आणि घाट उतरला की मुंबई. मुंबईच्या पुढं त्यांचा ट्रक उभ्या जन्मात गेला नव्हता. त्यामुळं मुंबई ते अमेरिका हे अंतर त्यांच्या हिशेबी केज ते मांजरसुंबा एवढंच भरायचं. अरबी समुद्राला तर ते धरतच नसत.

इथवर सगळं झेपण्यासारखं होतं. खरी गंमत यापुढं होती.

फाइल तिकडं पोचली, की मालक इकडची पुसून टाकायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. "मालक, कशाला पुसलीत? तिकडं जाते ती नक्कल असते. आपली आपल्याकडं राहते!"

"म्हंजे एकच माल दोन गोदामात?"

"हो."

मालकांनी आधी दार लावून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन दबक्या आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "बीएस्सी, एक माल दोन गोदामात दाखवला म्हणून भले भले आत गेलेत. म्या त्येंना डबे पोचवलेत. आपल्या हितं असलं चालायचं न्हाई."

"अहो, झेरॉक्स काढतो तसं आहे ते."

"झेरॉक्सवर बँक कर्ज देती का? ओरिजिनल मागती का न्हाई?"

त्यांच्या बोलण्यात एवढी चूक असायची की बरोबर कुठून सुरू करावं तेच कळायचं नाही.

मी एकदा एका साइटची नक्कल गुपचूप फ्लॉपीवर काढून ठेवली. मालकांना ती माझ्या ड्रॉवरमध्ये सापडली. हमालानं पोत्याला आकडा मारून मूठभर साखर काढावी आणि मालकानं ती बघावी, तसा त्यांचा चेहरा झाला. ओरडलेसुद्धा नाहीत. ती फ्लॉपी त्यांनी टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली आणि म्हणाले, "आता कशी कामाला आली."

साइटमध्ये काही बदल करायचा असला की तर मोठाच सोहळा. आधी अमेरिकेतून सगळा माल परत मागवायचा. तिकडचं गोदाम झाडून रिकामं करायचं. मग इकडं बदल करायचा, पुन्हा ताडपत्री, पुन्हा हळदकुंकू, पुन्हा केज, मांजरसुंबा, आष्टी. तेवढा वेळ ती साइट जगात कुठंच नसायची. एका शिकवणीवाल्या सरांचा फोन आला होता, "मालक, आमची साइट दिसत नाही!" मालक शांतपणे म्हणाले, "कशी दिसंल? ती हितं हाय माझ्यापाशी. तुमच्या डिग्रीचं नाव बदलायला आणलीय." सरांनी विचारलं, कधी दिसेल? मालक म्हणाले, "आत्ताशी भरतोय. लाइन भेटली तर दुपारच्याला नगर."

पण एक सांगतो. हसायचं ते हसा, या माणसानं उभ्या आयुष्यात घेतलेला माल पोचवला नाही असं कधी झालं नाही. गाडी मोडली तर डोक्यावर न्यायचा, हा त्यांचा कायदा. पाटोद्याजवळ एकदा ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, तेव्हा एका नवरीचं लोखंडी कपाट त्यांनी डोक्यावर घेऊन मांडवात नेलं, मंगलाष्टकं थांबवली, आणि पोचल्याची सही नवऱ्या मुलाकडून घेतली, त्याच्या गळ्यात माळ पडायच्या आधी. कपाटात नवरीची आत्या बसलेली होती असंही ते सांगत, पण तेवढं मी सोडून देतो.

आता अक्का. अक्का बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवरच्या. अंगानं काटकुळ्या, बोलणं चाबकासारखं. डोंगरात सीताफळ आपोआप येतं, बाया ते तोडतात, आणि स्टँडवर ढीग लावून मिळेल त्या भावात देऊन टाकतात. कारण सीताफळ थांबत नाही. त्याचे डोळे उघडले, म्हणजे सालीवरच्या खवल्यांच्या फटी पांढऱ्या पडल्या, की आज ते दगड असतं आणि परवा चिखल. अक्कांनी मुंबईच्या वाशी मार्केटातल्या एका शेटशी बोलणं लावलं होतं. शेटचा फळांचा गर काढून परदेशी पाठवायचा धंदा. जमलं तर वस्तीवरच शेड घालायची, बायांनी गर काढायचा, शेटनं तो उचलायचा. दसरा झाला की त्या वस्तीवरच्या बाया नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जात, मुकादम नेईल त्या कारखान्यावर, लेकरं पाठीला बांधून. त्या वर्षी अक्कांनी त्यांना सांगितलं होतं, "मुकादमाला शब्द देऊ नका. माझं सीताफळ काय करतंय ते बघा." आणि त्या बाया थांबल्या होत्या.

सगळं जमत आलं, तर शेटचं नुकतंच कॉलेजातून आलेलं पोरगं फोनवर म्हणालं, "आमच्या फॉरेनच्या पार्टीला दाखवायला तुमची वेबसाइट आहे का? गुरुवारी बाराला बघतो. नसेल तर दुसरीकडं जातो."

साइट मी केली. मालकांनी पोचवली. आठवडाभर अमेरिकेत ती सुखानं नांदत होती.

गुरुवारी सकाळी अक्का टेंपोभर सीताफळं घेऊन बाजाराला आल्या आणि जाताजाता ऑफिसात डोकावल्या. "मालक, माझ्या घरी नवा फोन बसला हो! साइटीवर शेजारच्याचा नंबर हाय, त्यो काढून माझा घाला."

मी खुर्चीतून उडालोच. "मालक, मी हात जोडतो. एकच पान आहे. तेवढं एक पान बदलून वर टाकू. दोन मिनिटं लागतील."

मालक दुखावले. "टपावरची एक पिशवी बदलायची म्हणून काय चालत्या गाडीवर पिशव्या फेकायच्या? माल खाली घ्यायचा, पिशवी बदलायची, गाडी परत भरायची. रीत हाय ती."

माल खाली घेतला. नंबर बदलला. ताडपत्री बांधली. तळाला जड, वर हलका. जसजसा माल जात होता तसतसं मालक गोदाम रिकामं करत होते. केज गेलं, आष्टी गेली, नगरला आम्ही चहा प्यालो, अक्कांनीही बशीत ओतून घेतला. फोटो सगळे पार झाले. राहिली होती हलकी पानं. पट्टी खंडाळ्याच्या घाटात आली, आणि थांबली.

तर काकू हातातलं पीठ दाखवत उभ्या होत्या, आणि मी बाहेर पळालो.

चौकात एक जेसीबी रस्ता खणत होता. कुठलीशी नवी टेलिफोन कंपनी येणार होती, तिची तार टाकायला. त्यानं जुनी तार मुळासकट उपटली होती, गाजर उपटावं तशी. ड्रायव्हर म्हणाला, "मला चुन्याची रेघ मारून दिलीय. रेघेवरच खणतोय." खड्ड्यात डोकावून लाइनमन उभा होता, मयताच्या घरी पाहुणा उभा असावा तसा. त्याला विचारलं तर म्हणाला, "समद्या गावाचे फोन गेलेत. सोमवारी बगू." स्टँडवरच्या एसटीडीवर गेलो. तोही मेलेला. शेटला 'जरा थांबा' म्हणून सांगायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

परत येऊन मी सांगितलं. निम्मी साइट अमेरिकेत, निम्मी अंबाजोगाईत. तिकडं नुसते फोटो, इकडं नुसती पानं. अक्का पेटीवरून उठल्या.

"आठ दिस व्हती ना वर? चांगली व्हती ना? मंग खाली कावून घेतली?"

मालक ताडपत्रीची गाठ चाचपत राहिले.

"माझ्या जिवावर वस्तीवरच्या बाया थांबल्यात, मालक. पुढल्या आठवड्याला मुकादमाची गाडी येतीय दारात. काय सांगू त्येंना? घाटात गाडी पडली म्हनू? कुठली गाडी? कसला घाट? ह्यो डबा टेबलावरनं हालला तरी का सकाळधरनं?"

जिन्यावरून काकू म्हणाल्या, "आन् ह्येंना वाटतंय मी फोन उचलला."

घड्याळात बारा वाजले. वाशीत कुणीतरी कुठलंसं बटण दाबलं असेल आणि काहीच दिसलं नसेल. मालकांनी घड्याळाकडं पाहिलं, मग अक्कांकडं.

"फळं कुठायत?"

"स्टँडवर. टेंपोत."

"डोळे?"

"उघडल्यात."

मालक उठले. धोतराचा काचा मारला.

"बीएस्सी, वायरी काढ."

"कशाच्या?"

"समद्या. मोंढ्यातनं सरकीची गाडी वाशीला निघालीय. तिच्यावर चढवू. फळं बी, साइट बी."

"मालक! अहो या डब्यात निम्मीच साइट आहे!"

"शेटच्या पोराकडं कॉम्प्युटर हाय ना? त्येच्यावर अमेरिकेतली निम्मी दिसंल. आपल्या डब्यावर हिकडची निम्मी. शेजारी-शेजारी ठिवायचे. मान्साला डोळे दोन असत्यात का न्हाई?"

मी वायरी काढू लागलो.

डबा काकूंच्या गोधडीत गुंडाळला. पडदा, म्हणजे तो मॉनिटर, सीताफळाच्या पेटीत गवतावर निजवला. वरून ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी. ताडपत्रीला इतक्या दिवसांनी खरं आभाळ दिसलं. काकूंनी खाली येऊन बांधाबांध बघितली, भाकऱ्यांचं गाठोडं दिलं आणि मालकांना म्हणाल्या, "तीस वर्षांपूर्वी बी असंच कायतरी बांधत व्हता. तवा निदान बांधलेला माल इकायला तरी येत व्हता." केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी मालक, मालकांशेजारी अक्का, अक्कांच्या मांडीवर कीबोर्ड. अख्खा मोंढा बघायला जमला होता. कापडवाल्यानं विचारलं, "मालक, कुठं?" मालकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "अपलोड करायला!"

गाडी गेली. त्या गाडीनं केज, मांजरसुंबा, आष्टी, नगर, सगळं खरंखुरं पार केलं. खंडाळ्याच्या घाटात मालकांनी म्हणे गाडी थांबवली आणि खाली उतरून दरीत बघितलं. फायली पडल्यात का ते बघायला की लघवीला, ते ड्रायव्हरनं सांगितलं नाही.

मालक परत आले ते छाती चार बोटं वाढवून. सौदा झाला होता. फळं उतरली होती. पुढच्याच आठवड्यात अक्कांच्या वस्तीवर पत्र्याची शेड उभी राहिली, आणि मुकादमाची गाडी बायांसाठी दारात भोंगा वाजवून वाजवून पुढं गेली. त्या बाया शेडमध्ये बसून गर काढत होत्या, आणि एकमेकींना विचारत होत्या, हे असं बिनसालीचं, बिनबियांचं कोण खातं म्हणून.

चहाच्या टपरीवर मालकांनी ती हकिगत इतक्या वेळा सांगितली की टपरीवाल्यानं त्यांच्यासाठी वेगळं बाकडं टाकलं. शेटच्या टेबलावर दोन पडदे कसे शेजारी-शेजारी मांडले. डावीकडं मजकूर, उजवीकडं फोटो. शेटनं डावीकडं वाचलं, उजवीकडं बघितलं, आणि थक्क. पहिल्या आठवड्यात शेटनं हात मिळवला होता. दुसऱ्या आठवड्यात मिठी मारली. दिवाळीपर्यंत त्या खोलीत एक गोरा साहेबही आला होता आणि तो इंग्रजीत रडला होता. "साइटीनं इकली सीताफळं," मालक म्हणायचे. "फळाला कोण इचारतंय?"

एका दुपारी मालक बाहेर गेले असताना अक्का ऑफिसात आल्या. मला चार सीताफळं दिली, पेटीवर बसल्या, बशीत चहा ओतून घेतला. मी म्हटलं, "अक्का, खरं सांगा. साइट बघून शेट काय म्हणाले?"

अक्कांनी बशी फुंकली, एक घोट घेतला.

"म्हनले, टेबलावरनं त्यो डबा उचला आदी, फळाची पेटी ठिवायला जागा करा."